बार स्थिर ठेवा

ज्याला एखादी गोष्ट उत्तम येते, त्याच्याकडे ती शिकायला जाऊ नये, असं माझं आता ठाम मत झालंय. माझ्या बाबांना हवाईयन गिटार उत्तम यायची. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवून तारा छेडायच्या आणि डाव्या हातात बोटाएवढा पोलादी बार धरून तो तारांवरून सरकवायचा. पण "बाबा, मला शिकवा ना" म्हटलं की ते एक गाणं वाजवायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ऐकलंस? आता तू वाजव." झालं शिकवून! बार किती दाबायचा, मनगट कसं ठेवायचं, नको असलेल्या तारा गप्प कशा करायच्या, यातलं काही नाही. त्यांच्या नागपूरच्या मास्तरांनी त्यांना असंच शिकवलं होतं. मी कपाळावर हात मारून घ्यायचे आणि माझ्या फिजिक्सकडे वळायचे.

आम्ही सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये नवव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. बाबा जवळच्याच एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होते. बिघडलेली चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, केसाहून बारीक सुया तिच्यावर नेमक्या जागी टेकवायच्या आणि दोष कुठे आहे ते हुडकायचं, हे त्यांचं काम. सुई जरा हलली की दिवसभराची मेहनत पाण्यात. बाबांचा हात हलत नसे. कंपनीत त्यांचं नाव होतं ते या हातामुळे, आमचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, होता तो या हातामुळे, आणि मी ताटात भाजी टाकली की आई ऐकवायची, "त्यांच्या हातावर आपलं पोट आहे बाई, गिळ मुकाट्यानं." गंमत म्हणजे हाच हात त्यांना गिटारीवर नडायचा. मास्तर त्यांना म्हणायचे, "तुझा बार रुळावरनं चालतो रे. सूर बरोबर असतो, पण त्यात जीव नाही." सूर लागल्यावर तो जरासा झुलला पाहिजे, त्याला आंदोलन पाहिजे, आणि ते काही बाबांच्या हातात येईना. हा किस्सा ते हसत हसत सांगायचे. पण सांगायचे फार वेळा. त्यावरून काय ते समजावं.

रविवारी सकाळी आमच्याकडे वंदना व्हायची. हॉलमध्ये बुद्धांची लहान मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, समोर मेणबत्ती, आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण-पंचशील झालं की बाबा गिटार घ्यायचे आणि आई स्वयंपाकघरात जायची. मग एकीकडे गिटारीचा लांबलेला सूर, दुसरीकडे परातीत भाकरी थापल्याचा आवाज, खाली मार्केटमधल्या लोकांचा गलका. ज्वारीचं पीठ नागपूरहून सुटकेसमधून यायचं, ते आई सोन्यासारखं पुरवायची. सुकट इथे मनासारखी मिळेना म्हणून इथल्या इकन बिलिसची, म्हणजे वाळवलेल्या बारक्या मासळीची, लसूण घालून चटणी करायची. "माझ्या माहेरची, चेंबूरची चव नाही हो," असं दर वेळी म्हणून सगळ्यात जास्त तीच खायची. मला अजून रविवार म्हटला की भाजलेल्या लसणाचा वास येतो, आणि त्यामागोमाग तो सूर.

मी ज्युनियर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा बाबांच्या हातात आंदोलन आलं. एकाएकी आलं. गजभियेकाका बाबांचे नागपूरपासूनचे दोस्त, राहायला बुकित पंजांगला. ते ढोलकी वाजवायचे आणि महिन्यातून एकदा त्यांच्याकडे भीमगीतांची बैठक बसायची. त्या दिवशी बाबांनी एका गाण्याच्या शेवटी सूर धरला आणि तो झुलायला लागला. बारीक, एकसारखा, पाण्यावरच्या दिव्यासारखा. काकांनी ढोलकीवरचा हात थांबवला. "अरे, काय हात लागलाय तुझा! मास्तर पाहिजे होते आज!" गजभियेकाकूंनी तर डोळ्याला पदर लावला. येताना एमआरटीच्या गाडीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते, काचेत मला ते हसताना दिसत होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं पोरासारखं खूश झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. शेजारची आँटीसुद्धा लिफ्टमध्ये म्हणाली, "युअर फादर प्ले सो नाइस नाऊ, लाइक क्राइंग लाइक दॅट ला."

मग मी हट्टालाच पेटले. मला ती गिटार यायलाच हवी होती, आणि ते आंदोलनही. सिंगापूरच्या शाळेत वाढलेली मुलगी मी; जगातली प्रत्येक विद्या धड्यांत विभागलेली असते, प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय असतो आणि मागे उत्तरं असतात, यावर माझा पूर्ण विश्वास. परीक्षेआधी आम्ही सगळे जुन्या प्रश्नपत्रिकांची 'टेन इयर सीरिज' पाठ करायचो. गिटारीचीही तशी असणारच! मी एस्प्लनेडच्या लायब्ररीत गेले. गिटारीच्या पुस्तकांचं कपाट भरलेलं होतं, पण सगळी उभ्या धरायच्या गिटारीची. आडवीची दोनच सापडली, त्यातलं एक पायाने दाबायचे पेडल असलेल्या भल्या मोठ्या वाद्याचं निघालं आणि दुसऱ्याच्या मागच्या पाकिटातली सीडी कुणीतरी लंपास केलेली. ब्रास बासाहच्या दुकानांत जुनी पुस्तकं धुंडाळली. एका दुकानदार अंकलना मी हाताने आडवी गिटार करून दाखवली तर त्यांनी मला चिनी तंतुवाद्याचं पुस्तक आणून दिलं. बाबांना याची मजा वाटायची. "काय शोधून राहिली ही पोरगी? पुस्तक वाचून कुणाला पोहता आलंय का?" मी म्हणायचे, "तुम्ही शिकवत नाही, मग काय करू?" ते म्हणायचे, "अगं, माझंच आत्ता कुठं आलं!"

शेवटी एक पुस्तक मागवलं. चकचकीत, जाडजूड. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की तारा अमुक सुरांत लावून घ्या. बाबांच्या तारा वेगळ्याच सुरांत लावलेल्या, मास्तरांच्या पद्धतीच्या. त्या सुरांत पुस्तकातला एकही धडा बसेना. पुढे कळलं की या वाद्याचं हेच दुखणं आहे. ज्याची त्याची तारा लावण्याची रीत वेगळी, आणि पुस्तक लिहिणारा आपलीच रीत जगाची म्हणून सांगतो. आज कुणी मला विचारलं तर मी सांगते, बाई गं, आधी तुझी गिटार कुठल्या सुरांत आहे ते बघ आणि मगच पुस्तकाला पैसे घाल. तेव्हा सांगणारं कोण होतं? मी खुंट्या पिळत गेले. जाड तार चढवता चढवता तिने एकदम दगा दिला. असा आवाज झाला की आई पिठाच्या हातांनी धावत आली. "काय फुटलं?" तुटलेल्या तारेचं टोक माझ्या गालाजवळून गेलं होतं.

बाबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवी तार घेऊन आले आणि ऑफिसच्या कपड्यांतच खाली बसले. खुंटीच्या भोकात तार ओवायची, हे त्यांच्यासाठी काम ते काय! मी शेजारी मांडी घालून बघत होते. तार भोकाजवळ जायची आणि बाजूला सरकायची. पुन्हा जायची, पुन्हा सरकायची. बाबा डावखुरे, तरी त्यांनी हात बदलला, उजव्या हाताने ओवली, आणि म्हणाले, "भूक लागली असेल मला." आईने लगेच ताटं घेतली. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. पण त्या रात्री जेवताना आई उगाचच भाकरी वाढत राहिली.

त्याच सुमारास आणखी एक होऊ लागलं. संध्याकाळी बाबा लिफ्टमधून उतरून लांब कॉरिडॉरने यायचे, तेव्हा त्यांच्या चपलांचा आवाज मला आतून ओळखू यायचा. आता त्यातली उजवी वाजायची आणि डावी घासायची. मला वाटलं चप्पल झिजली. मी आईला म्हटलंही, "बाबांना नवीन चपला घ्यायला हव्यात." आई म्हणाली, "नवीनच आहेत." आणि तिने नळ मोठा सोडला.

खरं पुस्तक मला मिळालं ते इंटरनेटवरच्या एका गप्पांच्या पानावरून. तिथे अमेरिकेतले म्हातारे दिवसभर बार आणि तारा यांवरून भांडत बसायचे. मी बाबांच्या तारांचे सूर लिहून विचारलं, "या सुरांसाठी काही आहे का?" एकाने उत्तर दिलं, "ही तर फार जुनी रीत आहे, आमच्या लहानपणची. तुला कुठे सापडली?" त्यानेच ते पुस्तक सुचवलं. आलं तेव्हा मी हिरमुसले. पातळ, स्प्रिंगने बांधलेलं, सोबत एक सीडी, आणि पहिल्या कितीतरी पानांत एकही गाणं नाही. पहिला धडा होता: बार स्थिर ठेवा. पडद्याच्या, म्हणजे गिटारीच्या गळ्यावरच्या आडव्या पट्टीच्या, बरोबर वर ठेवा, तार छेडा, आठ मात्रा मोजा, हात हलवू नका. बस, एवढंच. आंदोलन पार शेवटी होतं, आणि त्याच्या आधी चौकटीत लिहिलेलं होतं की आंदोलन आपण सुरू करायचं असतं आणि आपणच थांबवायचं असतं. जे थांबवता येत नाही ते आंदोलन नव्हे. मी ते वाचलं आणि पान उलटलं. शिकवणारा नीट असला की तो अशी वाक्यं लिहितोच, असं मला वाटलं.

पण पुस्तक अस्सल होतं. सीडीवर एक घोगरा आवाज मात्रा मोजायचा, आणि मी रोज कॉलेजातून आले की त्याच्याबरोबर तासभर नुसता एकेक सूर धरून बसायचे. आई म्हणायची, "गाणं कधी येणार गं यात?" गाणं येईना, पण कान आला. सूर सरळ आहे की वाकडा, बार पडद्याच्या मागे आहे की पुढे, हे मला दुसऱ्या खोलीतून कळायला लागलं. आणि एकदा वंदनेनंतर बाबा वाजवत होते आणि मी आत केस विंचरत होते, तेव्हा मला कळलं की त्यांचा सूर शेवटीच नाही, सुरुवातीलाही झुलतोय. छोट्या सुरांतही. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्येसुद्धा. सगळीकडे एकाच चालीने. मी फणी तशीच केसांत ठेवून उभी राहिले.

पुढच्या रविवारी मी पुस्तक घेऊन हॉलमध्ये आले. "बाबा, आज माझ्याबरोबर हा धडा करा."

"मला पहिलीत बसवतेस का गं?" ते हसले. पण गिटार मांडीवर घेतली. ते त्या दिवसांत कशालाच नाही म्हणत नव्हते. मी सीडी लावली. घोगऱ्या आवाजाने मात्रा मोजायला सुरुवात केली. बाबांनी तार छेडली आणि सूर झुलला.

"नाही बाबा. सरळ. आंदोलन नको."

"हो, हो. सवय झालीय हाताला." त्यांनी पुन्हा छेडली. पुन्हा झुलला. त्यांनी बार घट्ट दाबला, इतका की तारा खाली वाकून पडद्यांवर कडकडल्या. मग हलका धरला, तर बारच तारांवर बारीक वाजायला लागला, बशीत कप वाजतो तसा. सीडीतला माणूस आपला मोजतच होता. मला ती बंद करायचं सुचलं नाही. बाबांनी उजव्या हाताने डावं मनगट पकडलं आणि बघत राहिले. ते त्या हाताकडे सूक्ष्मदर्शकातून बघावं तसं बघत होते, दोष कुठे आहे ते हुडकत. स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. दारात आई उभी होती आणि तव्यावरची भाकरी करपत होती.

"पुस्तकं लिहिणाऱ्यांना काय जातंय लिहायला," बाबा म्हणाले. गिटार भिंतीला लावली, चपला घातल्या आणि बाहेर गेले. कॉरिडॉरमध्ये एक चप्पल वाजत गेली आणि एक घासत.

मी आईला म्हटलं, "आई, बाबांना काय झालंय?"

"मला धम्मचक्र दिनापासून माहीत आहे," आई म्हणाली. तिने करपलेली भाकरी उलटली, पुन्हा उलटली. "चहाचा कप ते आता उजव्या हातानं धरतात. झोपेत हात थांबतो, जाग आली की सुरू. मी बोलले नाही. एवढे खूश होते गं ते! वीस वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते मिळालं म्हणून. मी कुठल्या तोंडानं सांगू की ते हे आहे म्हणून?"

"डॉक्टरकडे नेऊ या ना मग!"

"पास रिन्यू व्हायचाय. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाहीस. गजभियेंकडेसुद्धा नाही. माझी शपथ आहे तुला."

त्यानंतरचे महिने मला नकोसे वाटतात. घरात कुणी कुणाला काही विचारेना. बाबा कामावर जायचे, यायचे. आज सुई हलली का, हे आम्ही त्यांच्या तोंडावर शोधायचो. फोन वाजला की आईच्या हातातलं काम थांबायचं. गिटारीला बाबांनी हात लावला नाही, पण मला ते म्हणायचे, "तू कर तुझा धडा. सरळ लाव." मी सूर धरला की डोळे मिटून ऐकत बसायचे आणि मात्रा संपल्या की म्हणायचे, "पुन्हा." त्यांनी मला शिकवलं असेल ते इतकंच, आणि त्याहून कडक शिक्षक मला कधी भेटला नाही. एका संध्याकाळी ते आल्या आल्या पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "पास झाला." आईने मला जवळ घेतलं आणि ती मोठ्याने रडली.

बुद्धपौर्णिमेला गजभियेंकडे सगळे जमले. इथे त्या दिवशी सुट्टी असते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, दाराशी चपलांचा ढीग, वेलदोडे घातलेल्या खिरीचं मोठं पातेलं. वंदना झाली आणि काकांनी ढोलकी पुढे ओढली. "चल रे, तुझा तो झुलणारा सूर होऊन जाऊ दे. पोरं मुद्दाम ऐकायला आलीत."

बाबांनी गिटार पिशवीतून काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि बार माझ्या हातात दिला. तो गरम झाला होता. वाटभर त्यांनी तो खिशात मुठीत धरलेला असणार. "आज प्रज्ञा वाजवेल," ते म्हणाले. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "सरळ वाजव हं. कुणी काही म्हणू दे."

मी वाजवलं. मला एकच गाणं जेमतेम यायचं, आणि मी ते रुळावरून चालल्यासारखं वाजवलं. एक सूर हलू दिला नाही. हात दुखायला लागला इतका मी तो आवरून धरला होता. बाबा समोर बसले होते, उजवा हात डाव्यावर ठेवून. शेवटचा सूर मी आठही मात्रा धरला आणि तो सरळ राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोर शिकतेय म्हणून वाजवतात तशा.

गजभियेकाकूंनी मला खिरीची वाटी दिली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. काकू मायाळू बाई, त्यांच्या मनात काहीएक वाईट नव्हतं. "छान वाजवलंस गं. बाबांसारखी ती थरथर नाही अजून हातात. पण येईल, येईल. रक्तातच आहे तुझ्या, जाते कुठे!"

"नको!"

बाबा ओरडले होते. ज्यांनी घरात कधी आवाज चढवला नव्हता, ते माझे बाबा. "तिला नको यायला."

सगळे हसले. काका म्हणाले, "बघा, स्वतःच्या पोरीवर जळतोय!" आणखी हशा झाला. आईने खिरीच्या पातेल्यात डाव घातला आणि वाढायला लागली. आम्ही तिघंच हसलो नव्हतो.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. दुसऱ्या वर्षी सुई हलली. बाबांनी आपणहून साहेबाला जाऊन सांगितलं, त्यानंतर पास झाला नाही, आणि आई-बाबा नागपूरला परतले. तिथे डॉक्टरांनी त्या थरथरीला पार्किन्सन्स असं नाव दिलं. या वयात सहसा दिसत नाही, असं म्हणाले, आणि कागदावरून मान वर करून विचारलं, "घरात आणखी कुणाला?" बाबा म्हणाले, "नाही." मी सुट्टीला गेले होते, त्यांच्या शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली.

मी इथेच, सिंगापूरला राहिले. नोकरी लागली, लग्न झालं, तोआ पायोहला घर झालं. गिटार माझ्याकडे आहे, तेच स्प्रिंगचं पुस्तकही आहे. आजकाल संगणकावर हवे तेवढे धडे फुकट मिळतात. लोक मला विचारतात कुठून सुरुवात करू, तर मी त्या पुस्तकाचंच नाव सांगते. गाणी मी फारशी वाजवत नाही. बाबांचं त्या वर्षीचं वय मला आता लागेलच. रोज सकाळी, घरातलं कुणी उठायच्या आधी, मी गिटार मांडीवर घेते, बार पडद्याच्या बरोबर वर ठेवते, तार छेडते आणि आठ मात्रा मोजते.

आज सकाळीही सूर सरळ राहिला. मग मी उठून चहा टाकला.